इंजिन रडत नव्हतं, अक्का

अक्का, गावात एक गोष्ट फिरते आहे. ती तुमच्या कानावर दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून घालण्याआधी मीच घालते. म्हणतात, तुम्ही गेलात आणि गिरणीचं इंजिन तुमच्यासाठी रडायला लागलं. बायका पदराने डोळे पुसत सांगतात. काल एकीने मला मिठी मारून सांगितलं, जणू इंजिन माझ्या घरात नसून तिच्याच ओसरीवर ठेवलेलं आहे.

मी म्हणते, साफ खोटं. आणि तुम्ही असतात तर माझ्याआधी तुम्हीच म्हणाला असतात.

झालं ते असं. तुमची राख सावडली, आणि दुसऱ्या दिवसापासून लोक दळणाचे डबे घेऊन दारात उभे राहायला लागले. सुतक आपल्याला होतं, त्यांच्या पोटाला नव्हतं. घरोघरची जाती कधीच गोठ्यात जाऊन पडलेली. कोरडी ज्वारी काय चघळून खायची? शेवटी ह्यांनी गिरणी उघडली, तुमच्या भावाने, नथूने. डोक्याचा गोटा, अंगावर पंचा आणि डोळे सुजलेले. हँडल मारून इंजिन सुरू केलं आणि पट्टा नेहमीच्या रीतीने आधी रिकाम्या पुलीवर ठेवला. गिरणीच्या आसावर दोन पुल्या शेजारी-शेजारी आहेत. कामाच्या पुलीवर पट्टा सरकवला की दगड फिरतात. रिकामी पुली नुसती स्वतःभोवती गरगरते आणि इंजिन तापेपर्यंत पट्टा सांभाळते. तर ती रिकामी पुली अशी काही किंचाळली की रस्त्यावरचे बैल बिचकले. हे घाबरले. पट्टा कामाच्या पुलीवर न्यायचंही त्यांना सुचलं नाही, त्यांनी इंजिनच बंद करून टाकलं. बाहेर उभ्या असलेल्यांनी ऐकली ती तेवढी किंकाळी. मग काय विचारता!

"इंजिन रडस रे भो, बाईनासाठे रडस," असं कुणीतरी म्हणालं आणि संध्याकाळपर्यंत ते गावाचं झालं.

नाना आले. तुमचे चुलते, घरातले वडीलधारे, त्यांच्यापुढे आम्ही बोलायचं नाही. ओसरीवर बसून त्यांनी पान जमवलं आणि म्हणाले, "अक्काना जीव इंजिनमा अडकेल शे. ते इकी टाका. मंग तिले शांती भेटी." यावलकडचा एक केळीवाला विहिरीवर बसवायला इंजिन शोधतोच आहे, हेही त्यांनी त्याच दमात सांगितलं. सुतक फिटेल त्या गंधमुक्तीच्या दिवशी सगळे भाऊबंद जमतील, तेव्हा पक्कं करू म्हणाले. हे मान खाली घालून बसले होते. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

हयात होतात तेव्हा याच माणसांनी तुम्हाला अपशकुनी म्हटलं. आता गेलात तर भूत म्हणतायत. मधली इतकी वर्षं तुम्ही त्यांचं धान्य दळलंत, ते कुठे गेलं?

तुम्हाला तो पहिला दसरा आठवत असेलच. आबांनी, तुमच्या वडिलांनी, नव्यानेच इंजिन आणलेलं, देश मोकळा होऊन फार दिवस झाले नव्हते. मी नवी नवरी, दाराआडून बघत होते. तुम्हाला पूजेला जवळ येऊ दिलं नव्हतं. विधवा बाई, कोपऱ्यात उभी रहा. नानांच्या घरच्या मोठ्या काकूने सवाष्णीच्या हाताने तेलात शेंदूर कालवला, आणि इंजिनचं मोठं चाक दिसलं तिथे, थेट पट्टा फिरतो त्या चकचकीत जागेवर, ठसठशीत स्वस्तिक काढलं. सगळ्यांनी हात जोडले. नारळ फुटला, हँडल फिरलं, आणि पट्टा चिर्र-चिर्र करत घसरायला लागला. दळणाचे दगड जागचे हलेनात.

"इधवा बाईनी सावली पडनी, म्हनीसन बिघडनं," मोठी काकू म्हणाली. तुमच्या तोंडावर म्हणाली.

तुम्ही तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलंत आणि फिरत्या पट्ट्यावर चार थेंब शिंपडलेत. आवाज जरासा दबला आणि परत सुरू झाला. "घसरी ऱ्हायना," तुम्ही स्वतःशीच म्हणालात. इंजिन बंद करायला लावलंत, पट्ट्याच्या आतल्या अंगावरून अंगठा फिरवलात आणि तो लाल अंगठा सगळ्यांना दाखवलात. मग राख आणि रॉकेलचा बोळा घेऊन चाक घासायला बसलात. घासता घासता काकूला म्हणालात, "कुकू लावानं व्हई तं पानीनी टाकीले लावा. इंजिननं कपाय तठे शे. हाई चाक म्हनजे तेना पाय. पायले तेल चोपडं तं कोनी बी घसरी."

पुरुष हसले. काकू नाही हसली. तेव्हापासून दर दसऱ्याला टाकीच्या कपाळावर कुंकू लागतं आणि तुम्ही हातात राखेचा बोळा घेऊन चाकापाशी पहारा द्यायचात. मी एकदा विचारलं होतं, अक्का, आता तरी तुम्ही पूजा का करत नाही? "बठ्ठा पूजा करतस. पुसाले बी कोनी पाहिजे का नही?" असं म्हणाला होतात. तुमचं बोलणं हे असं. समोरच्याला राग यावा की हसू, ते त्याचं त्याने ठरवायचं.

मला मात्र तुम्ही राग आणि हसू दोन्ही दिलंत. धुळ्याची म्हणून मी तुमची 'धुयावाली'. शहरातून आलेली, हाताला काम माहीत नसलेली, पोळ्यांना कोपरे पाडणारी. एके दिवशी माझ्या हातातलं लाटणं काढून घेऊन मला गिरणीत नेलंत. "तुन्या पोया काय गोल व्हत नही. चाल, लाटणं इंजिनले लाव." लाटण्याचं एक टोक आसाच्या बेअरिंगवर टेकवायला लावलंत आणि दुसरं माझ्या कानाच्या मागच्या हाडाला. मला वाटलं, थट्टा चालली आहे. पण त्या लाकडातून जे ऐकू आलं, ते मी जन्मात विसरणार नाही. बाहेर नुसता गोंगाट आणि आत प्रत्येकाचा आवाज वेगळा. कुठे तेल पोचलंय, कुठे नाही, कुठे खडा आलाय, ते सगळं कळत होतं. मला त्या घरात पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी ऐकायला दिलं होतं. तोवर सगळे मला ऐकवतच होते.

सासुरवाशिणीला नणंद म्हणजे काय असते ते मैत्रिणींनी मला लग्नाआधी पुरेपूर भरवून दिलं होतं. त्यांना मी धुळ्याला गेले की सांगायची, माझी नणंद मला इंजिन शिकवते. त्यांना वाटायचं मी लपवते आहे काहीतरी.

आता मुद्द्यावर येते. आपलं भांडण अर्धवट राहिलं आहे, अक्का, आणि मी ते सोडलेलं नाही.

तुमचा खोकला वाढला त्याच सुमाराला तो बारीक आवाज सुरू झाला. आधी कुईं कुईं, मग जरा मोठा. तुम्ही म्हणालात, "पट्टा सुकना. एरंडेल लाव." मी लावलं. चामडं मऊ झालं, आवाज तसाच. तुमच्याच रीतीने पाणी शिंपडून पाहिलं, काही फरक नाही. पट्टा घसरत असता तर पाण्याने आवाज बदलला असता, हे तुम्हीच शिकवलेलं. मग मी नीट लक्ष ठेवलं. दळण चालू असताना आवाज येत नाही. पट्टा रिकाम्या पुलीवर आणला की येतो. लाटणं लावून ऐकलं. आत कोरडं खरखरत होतं.

मी म्हटलं, "अक्का, पट्टा नव्हे. रिकाम्या पुलीचा बुश गेला. आस आणि पुली यांच्या मधली पितळेची नळी झिजली, तिला तेल धरवत नाही. पुली काढायला पाहिजे."

"तू माले शिकाडस?"

"तुम्हीच शिकवलंत, तेच सांगते आहे."

"पट्टाच शे."

"घरात काही बिघडलं की सगळे पहिल्यांदा सुनेचा कान धरतात. तुम्ही त्या पट्ट्याचं तसंच चालवलंय."

तुम्ही इतक्या हसलात की खोकल्याची उबळ आली आणि मला तुमच्या पाठीवर हात फिरवत बसावं लागलं. उबळ थांबली, तुम्ही डोळे पुसलेत आणि परत म्हणालात, "पट्टाच शे."

शेवटचे दोनच दिवस तुम्ही अंथरुणाला खिळून होतात. चार माणसं भोवती, हे पायाशी, मी उशाशी. माणसं शेवटी देवाचं नाव घेतात, लेकराबाळांची सोय सांगतात. तुम्ही माझा हात ओढून काय सांगितलंत? "पट्टाले एरंडेल लावत जाय." मी 'बरं' म्हटलं नाही. मरणाऱ्या माणसाला बरं म्हणावं, असं मागून मोठी काकू मला ऐकवून गेली. मी त्या वेळी म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही.

म्हणून त्या दिवशी नाना ओसरीवरून उठून गेल्यावर मी पान्हा काढला. भर दुपारी, दार सताड उघडं ठेवून. चोरून करण्यासारखं त्यात काय होतं? बघणारे जमले. नानाही परत आले.

"सुतकमा अवजारले हात लावस? लाज वाटत नही?"

डोक्यावरचा पदर मी नीट केला, तेवढा मान दिला. "सुतक आपले शे नाना, पुलीले नही."

हे माझ्या शेजारी येऊन बसले आणि पट्ट्याला हात लावला. तुमचा भाऊ उभ्या आयुष्यात चुलत्यासमोर मान वर करून बोललेला नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्या दिवशीही बोलले नाहीत. नुसते बसले. मला तेवढं पुरलं.

पट्टा उतरवला. दोन्ही हातांनी पुली धरून वरखाली हलवली तर हलणाऱ्या दातासारखी खेळत होती. बुशच होता. मी मनात म्हटलं, बघा अक्का! मग पुलीला जागेवर धरणारी बाजूची कडी सैल करण्याआधी पुलीचं तेलाचं भोक साफ करावं म्हणून त्यात तार घातली, आणि तारेला लागून कापसाची एक गुंडी बाहेर आली. वरून वाळलेली होती. मी बोटांत दाबली तर आतून अजून ओलसर. नाकाशी नेली. एरंडेल.

भोकात कापूस आपोआप जात नाही. आणि त्या गिरणीत सकाळी माझ्याआधी एकच माणूस यायचं.

मी स्वयंपाक उरकून येईपर्यंत तुम्ही रोज पहाटे खोकत-खोकत येऊन त्या पुलीत एरंडेलात भिजवलेला कापूस भरत होतात. कापसातून तेल झिरपत राहायचं आणि झिजलेला बुश कसाबसा दिवस काढायचा. म्हणून तर तो आवाज बारीक होता, किंचाळत नव्हता! म्हणजे तुम्हाला माहीत होतं. माझ्याही आधीपासून माहीत होतं. आणि माझ्या तोंडावर दिवसभर म्हणत होतात, पट्टाच शे.

का, अक्का? पुली उघडली की गिरणी बंद ठेवावी लागली असती, बुश करायला टाकावा लागला असता, आणि बंद गिरणी नानांच्या डोळ्यांना दिसायला नको होती, म्हणून? तुम्ही आजारी, इंजिन बंद, मग त्यांनी तेव्हाच केळीवाल्याला आणून उभा केला असता. हे मला कळतं. पण मला सांगायला काय झालं होतं? मी काय नानांच्या कानाला लागणार होते? की धुयावालीचं बरोबर आहे, हे म्हणणं तुमच्या जिभेला जड जात होतं? दोन्ही असेल. तुम्हाला ओळखते मी.

तेल घालणारा हात गेला आणि पुली कोरडी पडली, एवढंच घडलं. गावाला त्याला रडणं म्हणायचं असेल तर म्हणू दे. मी मात्र त्या पुलीशेजारी बसून, ती कापसाची गुंडी मुठीत धरून, सगळ्यांसमोर मोठ्याने रडले. तुम्ही गेलात त्या दिवशी मला रडू आलं नव्हतं, तेही लोकांनी मोजून ठेवलं होतं.

बुश मी ह्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, धुळ्याला जा. चोपड्याला बुश कातून देणारी लेथ आहे, पण तिथे नानांचं रोजचं उठणं-बसणं. धुळ्याचा लेथवाला माझ्या माहेरच्या गल्लीतला. "सुतकमा मोटारमा बसू?" एवढंच ह्यांनी विचारलं, आणि गोट्यावर टोपी घालून निघालेही. नव्या बुशाला आतून तेलाची चर पाडून आणा, असं मी त्यांना तीनतीनदा सांगितलं होतं. आणली. आस रॉकेलने धुतला, काचकागदाने गुळगुळीत केला. लाकडाचा ठोकळा धरून बुश पुलीत बसवला, तेल सोडलं, पुली आसावर चढवली आणि बोटाने ढकलली. ती फिरतच राहिली. पट्टा चढवून ह्यांनी हँडल मारलं. रिकाम्या पुलीवर पट्टा तसाच ठेवून आम्ही दोघं उभे राहिलो. इंजिनच्या धडधडीत पट्ट्याच्या जोडाची टपटप तेवढी ऐकू येत होती.

गंधमुक्तीला भाऊबंद जमले. सतरंज्या घातलेल्या, तुमच्या नावाची पानं वाढून झालेली. गिरणीतून आता ती किंकाळी येत नाही हे नानांना कळलेलं होतं. पण माणूस मोठा हुशार. इंजिन विकायचं ते विसरले असते, पण आपलं म्हणणं खाली पडू दिलं नसतं. हात जोडून म्हणाले, "देखा, अक्काले शांती भेटनी. आपन बठ्ठं रीतीनं करं, म्हनीसन इंजिन गप बसनं."

सगळ्यांनी हात जोडले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला कळत होता: गप रहा, इंजिन वाचलं आहे. खरंच वाचलं होतं. मी मान डोलावली असती की प्रश्न मिटत होता, शांती मिळालेल्या बाईचं इंजिन विकायचं काही कारणच नव्हतं.

पण मग उद्या पट्टा सुटला की तुम्ही परत भूत. परवा दगड तापले की तुमचाच कोप. आणि त्या गिरणीत मी उभी राहणार ती तुमच्या भुताची राखणदार म्हणून. मला ते नको होतं. तुम्हालाही नको असतं.

मी आतून जुना बुश आणला आणि नानांच्या पुढ्यात सतरंजीवर ठेवला. "शांती नही नाना. हाऊ बुश घसेल व्हता. मी बदलना."

"तोंड भलतंच सुटनं तुनं," नाना म्हणाले. तोंड खरंच सुटलं होतं. "मंग उद्या बिघडी तं?" नानांनी विचारलं.

"बिघडी तं उघाडसू, देखसू."

नानांनी बुशाला हात लावला नाही. शेजारच्या एका म्हाताऱ्याने उचलला, आत बोट घालून फिरवलं आणि म्हणाला, "हाई तं एकच बाजूनं घसेल शे." मग तो दुसऱ्याने पाहिला, तिसऱ्याने पाहिला. कुणाच्या विहिरीवरच्या पंपाचं तसंच झालं होतं म्हणे. बोलणं बुशावर आणि तेलावर गेलं आणि जेवणं होईपर्यंत तिथेच राहिलं. केळीवाल्याचं नाव निघालं नाही. नानांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही, जेवणानंतरचं पान न खाता उठून गेले. त्यांच्याशी माझं आता कायमचं वाकडं आलं आहे, आणि मला त्याचं काही वाटत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणी उघडली ती मी.

जाताना प्रत्येक जण म्हणून गेला, अक्कांना शांती मिळो. मी म्हटलं नाही. शांत बसण्याचा तुमचा स्वभाव नव्हता, आणि मला तुम्ही शांत झालेल्या नको आहात. तुमच्याशी माझं काम आहे. तुम्ही मला घरात जागा दिलीत, कान दिलेत, हातात पान्हा दिलात, त्याबद्दल तुमच्या पाया पडायचं राहून गेलं. ते मी करीन. पण भांडण अर्ध्यावर टाकून निघून जायचं, वर जाता जाताही आपलाच शब्द शेवटचा ठेवायचा, हे मला मान्य नाही. मी पुली उघडून पाहिली आहे. पट्टा नव्हता, अक्का. बुश होता.

आता बोला.